समुद्राकडून नव्हे, रस्त्याकडून आलेला वारा : निसर्गनंतरच्या छपराच्या नोंदी

श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर यांच्या मधलं आमचं गाव. घर कौलारू, जांभ्या चिऱ्याचं, आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं. पुढे ओटी, ओटीपुढे रस्ता, म्हणजे तोंड पूर्वेला. मागे पडवी, पडवीमागे १४ गुंठ्यांची नारळ-पोफळीची वाडी, वाडीपलीकडे सुरूचं बन आणि मग समुद्र. ही रचना ध्यानात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच अडलंय. खालच्या नोंदी निसर्ग चक्रीवादळाने उडवलेल्या छपराच्या, कामाच्या वहीतून उतरवलेल्या आहेत. चुकांच्या नोंदी गाळलेल्या नाहीत, कारण खर्च त्यांच्यावरच जास्त झाला.

२ जून २०२०, डोंबिवली

दुपारी चक्रीवादळाला नाव मिळालं, निसर्ग. हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं आणि नव्या यादीतलं पहिलंच. जुनी यादी दोन आठवड्यांपूर्वी अम्फान वादळाबरोबर संपली. हवामान खातं सांगतंय की हरिहरेश्वर ते दमण यांच्या मध्ये, अलिबागच्या जवळपास, किनाऱ्यावर चढेल. आप्पांना (माझे काका) फोन केला. म्हणाले, "पडवीची दारं लावून घेतली. मागच्या बाजूला झापं बांधली. समुद्राकडचं सगळं आवरलं." मीही म्हटलं, छान केलंत. वहीतली ही पहिली चूक, आणि ती आम्हा दोघांची.

३ जून

साडेबाराला फोन लागला. आप्पा काहीतरी ओरडत होते, "कौलं" एवढंच कळलं. नंतर फोन बंद. खात्याच्या माहितीनुसार वादळ साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं, वारा ताशी ११० ते १२०, झोत १३० किलोमीटरपर्यंत. रात्रीपर्यंत काहीच कळलं नाही.

५ जून

म्हसळ्याहून एकाचा निरोप आला : माणसं धड आहेत, घराला छप्पर नाही. ई-पाससाठी अर्ज केला. कारण म्हणून काय लिहायचं कळेना. "घर पडले" लिहिलं.

९ जून, गाव

पनवेल, माणगाव, म्हसळा करत पोचायला साडेअकरा तास. घाटात झाडं कापून एक गाडी जाईल एवढीच वाट केलेली होती. गावात शिरलो आणि आधी कळलंच नाही कुठे आलोय ते, कारण रस्त्यावरून थेट समुद्र दिसत होता. तो आजवर कधी दिसला नव्हता. मध्ये वाड्या असायच्या.

घराची स्थिती : पश्चिमेचं पाखं (छपराचा वाडीकडचा उतार) जवळजवळ सगळं फुटलेलं, वासे उघडे, आढ्याचा (छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाचा) मधला भाग बसलेला. पूर्वेच्या पाख्याचा ओटीवरचा भाग गायब. गायब म्हणजे फुटलेला नव्हे. तिथे कौलाचे तुकडेसुद्धा फारसे नव्हते. हे त्या दिवशी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायचं सुचलं नाही. भिंती शाबूत. काकू माजघराच्या एका कोपऱ्यात, माळ्याच्या फळ्यांखाली, सहा दिवस स्वयंपाक करत होत्या. मी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती मी तांदूळ आणलेत का ही.

वाडी : मोजली. २१० पोफळींपैकी १३४ आडव्या. २४ माडांपैकी ११ गेले. आंबा एक होता, तोही गेला. विहीर पाल्यापाचोळ्याने काठोकाठ.

१० ते १२ जून

ताडपत्र्या. तालुक्यात मिळेनात, मिळाल्या त्या ५,२०० ला एक. दोन घेतल्या. आम्ही वाशांवरून ताणून सुंभाने बांधल्या आणि टोकांना चिरे टांगले. पहिल्याच रात्री एक चिरा झोके घेत भिंतीवर आपटत राहिला, कोणाचाही डोळा लागला नाही. सकाळी चिरे काढले आणि ताडपत्रीच्या काठावरून बांबू गुंडाळून बांबूच वाशाला बांधले. ते टिकलं. ताडपत्री कधीही नुसत्या डोळ्यांतून (त्या पितळी कड्यांतून) बांधू नका, फाटते तिथूनच फाटते.

१४ जून

मेस्त्री आले. दोन सुतार, दोन गडी, दिवसाला २,८००. तालुक्यातला प्रत्येक माणूस त्यांच्या मागे लागलेला, तेव्हा घासाघीस केली नाही.

ठरवलं की आधी पश्चिमेचं पाखं घ्यायचं. ते सगळ्यांत जास्त फुटलंय, समुद्र त्या बाजूला आहे, वादळ समुद्रातून आलं, म्हणजे मार तिकडूनच बसला. इतका सरळ हिशोब की कोणी शंकाच घेतली नाही. मेस्त्री म्हणाले, "पावसाचा वारा पण तिकडूनच, भाऊ." त्यात काही खोटं नव्हतं. आमच्या सगळ्या घरांची पश्चिम बाजू म्हणूनच ठेंगणी, पडवी म्हणूनच खाली उतरलेली.

१५ ते २१ जून

योजना अशी होती. प्रत्येक दुसऱ्या वाशाला लोखंडी पट्टी मारायची, तिचं खालचं टोक भिंतीत अँकर फास्टनरने (भोकात ठोकून पाना फिरवला की आत घट्ट बसणारा बोल्ट) पक्कं करायचं. म्हणजे वासा उचलायचा तर भिंत उचलावी लागेल. शहरातल्या काँक्रीटमध्ये मी हे केलेलं आहे.

जांभ्यात हे चालत नाही. चिरा सच्छिद्र असतो, त्यातून आतून ओला. भोक पाडलं, फास्टनर ठोकला, पाना फिरवला, आणि तो घट्ट होण्याऐवजी आतल्या आत फिरत राहिला. जोर लावला तर मूठभर लाल भुकटीसकट बाहेर. बावीसपैकी सहा धरले. त्या सहांनासुद्धा मेस्त्रींनी पहारीने हिसका दिला तर चार निघाले. तरी मी अडून बसलो आणि जाड मापाचे फास्टनर मागवले. त्यांनी चिऱ्याला तडे गेले.

गेले : सात दिवस आणि ११,४०० रुपये (पट्ट्या, फास्टनर, वेल्डर, जनरेटरचं भाडं). मजुरी वेगळी.

२४ जून

आज घराचं काम बंद, पाऊस. वाडीतली झाडं कापायला घेतली. करवत यंत्र भाड्याने आणलं, चालवणारा माणूसही त्याच्याबरोबर. त्याने काम सुरू करण्याआधी एक गोष्ट विचारली, "वरचं झाड कुठलं आणि खालचं कुठलं ते बघून सांगा, नाहीतर ताणातलं झाड उसळून अंगावर येतं."

म्हणून बघत बसलो. आणि दिसलं ते असं : सगळ्यांत खालच्या पोफळी वायव्येला शेंडा करून पडल्यात. त्यांच्यावर काही उत्तरेला. आणि सगळ्यांत वर, ईशान्येला, म्हणजे जवळजवळ घराकडेच तोंड करून, बाकीच्या. तीन थर, तीन दिशा, आणि क्रम सगळीकडे तोच. शेजारच्या वाडीत जाऊन पाहिलं, तिथेही तसंच.

झाड वारा जिकडे जातो तिकडे पडतं. सगळ्यांत खालचं झाड आधी पडलेलं. म्हणजे पहिला वारा आग्नेयेकडून आला. रस्त्याकडून, समुद्राकडून नव्हे.

रात्री आप्पांना विचारलं. म्हणाले, "मग मी काय ओरडत होतो फोनवर? ओटीची कौलं आत येतायत, असं. आधी ओटीच उचलली. समुद्राचा वारा नंतर आला, तोवर व्हायचं ते झालं होतं." मी विचारलं, हे पंधरा दिवस का नाही सांगितलंत? "तू विचारलंस कुठे. तू पट्ट्या मारत होतास."

२५ जून

खात्री करायची होती म्हणून पश्चिमेच्या पाख्यावरचा फुटका माल खाली आणून निवडला. आमच्या जुन्या कौलांवर बासेल मिशनचा शिक्का आहे. मंगळुरातला तो कारखाना १८६५ चा. आमची कौलं किती जुनी ते माहीत नाही, पण पणजोबांच्या वेळची. ओटी मात्र चाळीसेक वर्षांपूर्वी नव्याने शाकारली होती, तिच्या कौलांवर दुसऱ्या कारखान्याचा शिक्का. पश्चिमेच्या ढिगाऱ्यात ओटीच्या शिक्क्याचे तुकडे पाटीभर निघाले, रिपांचे (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्यांचे) तुकडे अडकलेले.

म्हणजे पश्चिमेचं पाखं वाऱ्याने फुटलंच नाही. ओटीवरचं छप्पर रिपांसकट उचललं गेलं, आढं फोडून पलीकडच्या उतारावर आदळलं. मी सात दिवस ज्याला पट्ट्या मारत होतो ते मार खाणारं पाखं होतं. मार देणारं दुसरीकडेच होतं.

हे असं का, ते दोन ओळीत लिहून ठेवतो, कारण किनाऱ्यावर दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. आपल्याकडे चक्रीवादळात वारा घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. वादळ नैऋत्येकडून वर सरकत येत असताना त्याच्या पुढे असलेल्या गावाला पहिला वारा आग्नेयेचा लागतो. ते समोरून जाताना दक्षिणेचा, आणि पुढे निघून गेल्यावर नैऋत्येचा. निसर्ग आमच्या उत्तरेला जमिनीवर चढलं, आम्ही त्याच्या उजव्या हाताला, म्हणून हा क्रम. त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेला असलेल्या गावांत तो वेगळा असणार, तेव्हा माझं आंधळेपणाने उचलू नका. आपापल्या वाडीतली झाडं बघा. ती कापून हलवण्याआधी फोटो काढून ठेवा, कारण नंतर पुरावा उरत नाही. आमच्या गावात निम्म्या वाड्यांतला तो आता चुलीत गेलाय.

२७ जून

ओटी का उचलली? आज मेस्त्रींबरोबर तासभर नुसती बघत उभा राहिलो.

ओटी तीन बाजूंनी उघडी. वारा आत शिरला की बाहेर जायला वाट नाही, मागे भिंत. तो छपराला खालून रेटतो. त्याच वेळी वरून जाणारा वारा ओढतो. एक कौल अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला पंधरा-सोळा कौलं, म्हणजे वजन चाळीस किलो. ताशी १२० किलोमीटरचा वारा तेवढ्याच जागेवर पासष्ट-सत्तर किलोंचा जोर लावतो. कौलं नुसती ठेवलेली, बांधलेली एकही नाही.

आणि खरी गोष्ट पुढे दिसली. ओटीचे चार सागवानी खांब घडीव दगडांवर नुसते उभे आहेत. खाली खुंटीसुद्धा नाही. पणजोबांनी वजन खाली कसं जाईल याचाच विचार केला होता, छप्पर कधी वर जाऊ पाहील हे त्यांच्या डोक्यात नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. एक खांब दगडावरून तीन बोटं सरकलेला आहे. म्हणजे तो क्षणभर तरी हवेत होता.

२९ जून ते १० जुलै

खांबांचं काम. प्रत्येक खांबाला टेकू देऊन दगड काढला. खाली दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा, त्यात काँक्रीट. असा एक ठोकळा पाचशे किलोंच्या वर भरतो. त्यातून १२ मिलिमीटरच्या दोन सळ्या वर काढल्या आणि दोन बाजूंनी पट्ट्या करून खांबाला आरपार बोल्ट मारले. घडीव दगड काकूंना हवे होते, ते ठोकळ्यावर पुन्हा बसवून घेतले, त्यांना मधून भोक पाडून. एका दगडाचे दोन तुकडे झाले. तो आता चटणी वाटायला.

काँक्रीटला पाणी मारायची गरजच पडली नाही. पाऊस मारत होता. उलट पहिल्या खड्ड्यात पाणी भरलेलं असताना माल ओतायची घाई केली, सिमेंट धुऊन वर आलं. तो ठोकळा फोडून पुन्हा केला. दीड दिवस.

भिंतीच्या बाजूला फास्टनरचा नाद सोडला. मेस्त्रींची युक्ती : वरून चार थर सोडून भिंतीला आरपार भोक, त्यातून आडवी सळई, दोन्ही बाजूंना लोखंडी ताटली आणि नट. त्या सळईला दोन्हीकडून उभी पट्टी, ती थेट वाशापर्यंत. आता वासा उचलायचा तर चार थर चिरे उचलावे लागतील, आणि एक चिरा तीसेक किलोचा. जांभ्यात काही धरून राहत नाही, पण जांभा वजनाला पक्का. त्याच्या जोरावर नाही, त्याच्या ओझ्यावर विसंबायचं. सळया, पट्ट्या, सिमेंट, जनरेटर मिळून १७,८००.

१४ जुलै

वीज आली. एक्केचाळिसावा दिवस. रात्री दिवा लागला आणि काकूंना पहिल्यांदा छपराची खरी दशा दिसली. म्हणाल्या, "अंधारच बरा होता."

१८ जुलै

कौलं की पत्रे, हा वाद. गावात सगळे पत्र्यावर चाललेत. पटकन होतं, गळत नाही, आणि कौल मिळतही नाही. मी कौलावर राहिलो. एक तर एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली आप्पा-काकूंनी राहायचं कसं. दुसरं म्हणजे कौल उडालं तर एक उडतं. शेजारच्यांचा अख्खा पत्रा आमच्या माडाच्या खोडात रुतून बसलेला मी काढलाय. तो माणसाच्या वाटेत आला असता तर, हे लिहीत नाही.

तरी ज्याला पावसाआधी डोक्यावर काहीतरी हवं त्याने पत्रा घातला तर मी नावं ठेवणार नाही. पण स्क्रू दाट मारा. दोन ठिकाणी पाहिलं, पत्रा उडाला तेव्हा स्क्रू जागेवरच होते. पत्र्याचीच भोकं फाटून मोठी झाली होती.

२० जुलै ते १९ ऑगस्ट

वासे, रिपा, कौलं. लाकडाचे ३६,५००. स्वतःच्या वाडीतल्या पडलेल्या माडाचे वासे काढायचा विचार होता. जुन्या माडाचं बाहेरचं लाकूड उत्तम, पण ओलं. दोन काढले, तिसऱ्या आठवड्यात ते धनुष्यासारखे वाकले. घाई असेल तर हे करू नका.

कौलं १,८५० लागली. शेजारच्या गावातलं एक घर मालकाने पूर्ण पाडायचं ठरवलं होतं, तिथून जुनी १,१०० मिळाली, १४ रुपयांनी. उरलेली नवी, वाहतुकीसकट ३८ पडलं. जुनी आणि नवी मंगलोरी कौलं एकाच मापाची, असं मी धरून चाललो होतो. नाहीत. खाचेत दोन-तीन मिलिमीटरचा फरक, आणि मिसळून लावली की दर तिसऱ्या ओळीला पाणी आत. अर्धं पाखं उतरवून जुनी सगळी पश्चिमेला आणि नवी सगळी पूर्वेला अशी वाटणी केली. तीन दिवस गेले.

कौलाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं, ते तार बांधण्यासाठी. मला हे पंचेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. वळचणीच्या तीन ओळी, आढ्यालगतच्या दोन, दोन्ही कडांच्या तीन-तीन, आणि ओटीवरची सगळी, अशी ९०० कौलं रिपांना तारेने बांधली. तार साधी, काळी, सळया बांधतात ती. ६०० रुपयांत काम झालं म्हणून खूश होतो. (मार्चची नोंद बघा.)

२२ ऑगस्ट

गणपती. छप्पर पुरं झालं ते तीन दिवस आधी. मखरावर तरी प्लास्टिक धरून ठेवलं होतं. थेंब आला नाही. आरतीला बाहेरची माणसं नव्हती, करोनामुळे. मेस्त्री मात्र आले आणि देवाकडे कमी, छपराकडे जास्त बघत बसले.

मेस्त्री-गडी मिळून ३१ दिवसांचे ८६,८०० दिले. मधले पावसाचे दिवस त्यांनी लावले नाहीत.

५ सप्टेंबर

वाडी. सरकारी मदत फळबागेला हेक्टरी ५० हजार, म्हणजे गुंठ्याला पाचशे, आमच्या १४ गुंठ्यांना सात हजार. झाडं तोडून वाडी साफ करायलाच २२,००० गेले होते. आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत असतात आणि झाडं दाटीने, हेक्टरचं माप इथे लावलं की असंच होणार.

पोफळीचं रोप श्रीवर्धनी रोठ्याचंच (इथल्या सुपारीच्या जातीचं) हवं होतं. ओळखीच्या वाडीतून १३० मिळाली, ५० रुपयांनी, माडाची ११ रोपं १२० ने. लावली. फळ धरायला पोफळ सहा-सात वर्षं घेते, तेव्हा घाई कसली, असं आप्पा म्हणत होते. मीच ऐकलं नाही.

२५ ऑक्टोबर

चाळीस रोपं करपली. पोफळ सावलीतलं झाड. पूर्वी नवं रोप लावायचं ते मोठ्या झाडांच्या पायाशी. आता मोठी झाडंच नाहीत, वर सताड आकाश, आणि ऑक्टोबरची उन्हं. आधी केळी लावायला हव्या होत्या, त्या वर आल्यावर रोपं. आता मधल्या मोकळ्या जागी केळीचे मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्लं) लावले आणि उरलेल्या रोपांवर झावळ्यांची छपरं केली. मेलेल्यांच्या जागी चाळीस रोपं पुढच्या पावसात, आणखी दोन हजार.

वादळातून वाचलेल्या पोफळींनाही ऊन लागतंय, हे उशिरा कळलं. दुपारनंतरचं नैऋत्येचं ऊन थेट खोडावर येतं, साल भाजते, भेगा पडतात, आणि पुढे त्या जागी झाड मोडतं. खोडांना त्या बाजूने पोफळीच्याच विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद आवरणं) बांधल्या, उंचीवर चुना फासला. सात झाडांना आधीच डाग पडलेत. वादळाने पाडलेली झाडं जूनमध्येच मोजून झाली होती, ही मोजणी अजून चालूच आहे.

१३ मार्च २०२१

ओटीवरचं एक कौल बदलायला चढलो. तार हातात चुरा होऊन आली. दुसरं बघितलं, तेच. खाऱ्या हवेत काळ्या तारेने एक पावसाळा आणि एक हिवाळा काढला, एवढंच तिचं आयुष्य. ९०० पैकी एकाही तारेवर विसंबता येणार नव्हतं.

मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची तार घेतली, वार्निश केलेली, जरा जाड. ४ किलो, पाचशेने, २,०००. कौलाला साधारण हातभर पुरते. आतून माळ्यावर चढून, कौल न काढता बांधता येते. मी एकट्याने रोज संध्याकाळी थोडी थोडी करून अठरा दिवसांत संपवलं. मान अजून दुखते. पहिल्यांदाच ही आणली असती तर मेस्त्रींनी वरूनच तीन दिवसांत बांधली असती.

१४ मे २०२१

दुसरं येतंय. तौक्ते, नाव म्यानमारचं, अर्थ पाल. हे किनाऱ्याला समांतर, समुद्रातूनच उत्तरेला जाणार म्हणतात. म्हणजे पुन्हा आधी आग्नेय, मग दक्षिण, मग नैऋत्य.

ओटीच्या दक्षिण आणि पूर्व बाजूंना लावायच्या फळ्या (प्लायचे तुकडे, मागे लाकडी पट्ट्या) फेब्रुवारीत करून ठेवल्या होत्या. त्या लावल्या. आप्पा या वेळी समुद्राकडे बघायला गेलेच नाहीत, रस्त्यावर उभे राहून घराकडे बघत होते.

१६ मे रात्र ते १७ मे सकाळ

अंगणात बांबूला लाल फडक्याची पट्टी बांधून ठेवली होती, दर तासाला टॉर्च मारून होकायंत्रावर दिशा बघत होतो.

रात्री ९ : आग्नेय. झोत येऊन जातोय.
१२ : आग्नेय-दक्षिण. वीज गेली, फळ्या ढोलासारख्या वाजतायत.
२ : पूर्वेची एक फळी निखळली. कडी बारीक होती, स्क्रू प्लायमधून उपटले. आप्पा आणि मी ती पाठीने रेटून उभे राहिलो, चाळीस मिनिटं. शेवटी काकूंनी पाटा आणि धान्याचं पोतं आणून लावलं.
४ : दक्षिण. सगळ्यांत जोराचा.
साडेसहा : नैऋत्य. पाऊस आडवा.

वादळ त्या पहाटे आमच्या समोरून, समुद्रात दीडशेवर किलोमीटर लांबून गेलं आणि १७ च्या रात्री गुजरातेत दीवच्या पूर्वेला चढलं. निसर्गसारखा मार आम्हाला बसलेलाच नाही, तेव्हा "आमचं छप्पर टिकलं" असं छाती काढून सांगण्यात अर्थ नाही. जे दिसलं तेवढं लिहितो.

१८ मे

खांबांच्या पायाशी आधीच खडूने रेघ मारून ठेवली होती. एकही हललेला नाही. तांब्याच्या तारेचं एकही कौल गेलेलं नाही. पूर्वेच्या पाख्याच्या उत्तर टोकाला, जिथे मी "इथे वारा कशाला येतोय" म्हणून फक्त कडेच्या तीन ओळी बांधल्या होत्या, त्यांच्या आतल्या बाजूची ३८ कौलं सरकली, ११ फुटली. बांधलेल्या ओळी जागेवर आणि आत भगदाड, असं चमत्कारिक दृश्य.

आढ्यावर चुन्या-सिमेंटचा जो जोड मेस्त्रींनी केला होता त्याला लांब तडा आहे. कारण : छप्पर हलतं, जोड हलत नाही. तिथे काय करावं ते ठरायचंय.

वाडीत दोन पोफळी गेल्या, दोन्ही ऑक्टोबरच्या डागवाल्या, बरोबर डागावर मोडलेल्या. केळी सगळ्या झोपल्या.

२० जून २०२१

उत्तर टोकाची कौलं तांब्याने बांधून झाली (रिवाइंडिंगवाल्याने उरलेली तार फुकट दिली). फळ्यांना आता कडीऐवजी आडवा अडसर, दोन्ही बाजूंच्या खांबांना लोखंडी कानात बसणारा. तो लावायला एकट्या माणसाला वीस मिनिटं लागतात, काकूंनी करून पाहिलं. चाळीस रोपं लावली, या वेळी झावळ्यांसकट. केळी पायातून पुन्हा फुटल्या.

पहिल्या ताडपत्रीपासून आजच्या रोपापर्यंत सगळा हिशोब लावला. दोन लाख एक्केचाळीस हजार. यातले फास्टनरचे ११,४०० आणि काळ्या तारेचे ६०० पूर्ण पाण्यात. धुतलेला ठोकळा आणि उतरवलेलं पाखं यांची मजुरी धरली तर आणखी साडेबारा हजार.

राहिलेलं : आढ्याचा तडा, पडवीच्या कोपऱ्यातली गळती (ती वादळाआधीपासूनची), विहिरीचा कठडा.

पश्चिमेच्या भिंतीवरच्या त्या पहिल्या पट्ट्या काढायच्या राहून गेल्यात. दोन फास्टनर अजून धरून आहेत. काकूंनी त्यांच्यामध्ये दोरी बांधलीय, पावसात कपडे वाळत घालायला.